गर्भपातानंतर प्रार्थनाच जमत नाही; आशा पुन्हा कशी धरावी?

प्रश्न

सर्वांना सलाम. मी लहानपणापासून मंडळीत वाढलेली विश्वासी स्त्री आहे, तरीही हा प्रश्न पाळकांसमोर बसून विचारण्याचे धैर्य मला होत नाही, म्हणून येथे लिहीत आहे. काही महिन्यांपूर्वी माझा गर्भ पडला. त्याआधीच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचे ठोके आम्ही दोघांनी ऐकले होते. पुढच्या तपासणीत ते थांबलेले होते आणि नंतर क्युरेटिंग करावे लागले. शरीर सावरले आहे असे डॉक्टर सांगतात. मन सावरलेले नाही, आणि त्याहून मोठी अडचण अशी की ज्या ठिकाणी मी आजवर मन मोकळे करीत आले, ती प्रार्थनाच मला आता जमत नाही. गुडघे टेकले की शब्द सुचत नाहीत, आणि सुचलेच तर इतके कडवट असतात की ते देवापुढे उच्चारणे पाप ठरेल अशी भीती वाटते.

लोक मायेने बोलतात हे मला कळते. देवाची इच्छा होती, लवकर झाले ते बरे झाले, अजून तर काहीच नव्हते, तुम्ही तरुण आहात, पुढच्या वर्षी पाळणा हलेल. प्रत्येक वाक्याला मी मान डोलावते. पण जर काहीच नव्हते, तर मी रडते आहे ती कोणासाठी, हे मला कोणी सांगत नाही.

माझ्या मनात तीन गोष्टी रुतून बसल्या आहेत. गरोदर असल्याचे कळले तेव्हा पहिले काही दिवस मला आनंद झाला नव्हता. ती वेळ आमच्यासाठी सोयीची नव्हती आणि तसे मी पतीजवळ बोललेही होते. त्या बोलण्याची ही शिक्षा आहे काय? दुसरे, आमच्या मंडळीत बालकांचा बाप्तिस्मा होतो. माझे बाळ तर जन्मालाच आले नाही, मग ते आता कोणाजवळ आहे असे मी समजावे? आणि तिसरे, माझे पती या विषयावर एक शब्दही बोलत नाहीत, त्यामुळे हे दुःख मी एकटीच वाहते आहे असे मला वाटू लागले आहे. ज्यांनी हे सोसले आहे, किंवा जे अशा कुटुंबांबरोबर उभे राहिले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : या वाटेने गेलेली एक बहीण

ताई, ज्या कडवट शब्दांना तुम्ही पाप समजता, त्या शब्दांनी पवित्र शास्त्राची कितीतरी पाने भरलेली आहेत. स्तोत्रसंहितेतील तेरावे स्तोत्र, हे परमेश्वरा, तू मला कुठवर विसरणार, अशा प्रश्नानेच सुरू होते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर त्याहून पुढे जाते. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे मात्र वळत नाही, ते अंधारातच संपते. ज्यांनी ही स्तोत्रे एकत्र केली, त्यांना ते स्तोत्र गाळून टाकता आले असते किंवा त्याला एखादी गोड ओळ जोडता आली असती. त्यांनी तसे केले नाही, आणि शतकानुशतके उपासनेत ते तसेच म्हटले गेले. म्हणजे ज्याच्याजवळ स्तुतीचा एकही शब्द उरलेला नाही, त्यालाही देवाच्या घरात जागा आहे. तक्रार करणारा माणूस निदान देवाकडे तोंड करून उभा असतो, हे मी माझ्या दोन्ही गर्भपातांनंतर हळूहळू शिकले.

मला स्वतःला सर्वांत जवळची वाटली ती हन्ना. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ती मंदिरात इतकी रडते की शब्द बाहेर पडत नाहीत, नुसते ओठ हलतात, आणि एली याजकाला वाटते की ही बाई दारू पिऊन आली आहे. देवाच्या माणसाचाही दुःखी स्त्रीविषयी असा गैरसमज होऊ शकतो, हे शास्त्राने लपवलेले नाही. तिचा पती एलकाना तिच्यावर प्रेम करतो, पण तोही विचारतो की मी तुला दहा मुलांहून अधिक नाही काय. (हा प्रश्न विचारणारे पती आजही पुष्कळ आहेत, आणि त्यांचे प्रेम खरे असते यात शंका नाही.) हन्नाला मूल झाले ही गोष्ट सर्वांना पाठ असते, परंतु त्याच अध्यायाचे अठरावे वचन सावकाश वाचा. मन मोकळे करून ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा त्यानंतर उदास राहिला नाही. हे तिला दिवस जाण्याच्या आधीचे आहे. त्या क्षणी तिच्या हातात काहीही आलेले नव्हते. एलीच्या तोंडचा एक आशीर्वाद तेवढा होता, आणि आपले ओझे देवापुढे रिते केल्याची जाणीव होती.

प्रार्थना जमत नसेल तर ती काही काळ दुसऱ्यांना करू द्या. एका विश्वासू मैत्रिणीला सांगा की मला उपदेश नको, फक्त माझ्या जागी तू प्रार्थना कर. मी त्या दिवसांत एकच स्तोत्र मोठ्याने वाचत असे, तेही पुष्कळदा अर्थाकडे लक्ष न देता. बाप्तिस्म्याच्या किंवा बालकार्पणाच्या उपासनेला जाववत नसेल तर जाऊ नका, आणि त्याबद्दल कोणाला खुलासाही देऊ नका. बाळ ज्या सुमारास जन्मणार होते तो आठवडा जवळ येईल तेव्हा मन पुन्हा ढवळून निघेल. तो आठवडा मोकळा ठेवा, कारण अशा वेळी आपल्याला हे अचानक काय होते आहे या विचारानेच माणूस अधिक घाबरते.

उत्तर : एक स्त्रीरोगतज्ज्ञ, स्वतः विश्वासी

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर धर्मशास्त्र जाणणारे देतीलच. वैद्यकशास्त्राचे उत्तर मी देते, आणि ते अगदी स्पष्ट आहे. गर्भधारणा झाल्यावर मनात आलेली नाराजी, भीती किंवा नकोसेपणा यांमुळे गर्भ पडत नाही. निदान झालेल्या गर्भधारणांपैकी सुमारे 10 ते 20 टक्के गर्भधारणा आपोआप संपतात आणि त्यांपैकी बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांत संपतात. अशा सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा कारण गुणसूत्रांच्या संख्येतील बिघाड हे असते, आणि हा बिघाड बहुधा बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना, नाहीतर फलनानंतरच्या पहिल्या पेशीविभाजनांत, योगायोगाने घडतो. म्हणजे तुम्हाला दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच पुष्कळदा ती गोष्ट ठरून गेलेली असते. नेहमीची कामे, जिना चढणे, प्रवास, पतीपत्नीसंबंध, एखादे भांडण यांतले काहीही शोधत बसू नका. वाढते वय, धूम्रपान, मद्य, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार यांनी धोका वाढतो हे खरे आहे, परंतु तुम्ही ज्या गोष्टीसाठी स्वतःला दोषी धरता आहात ती त्या यादीत कोठेच नाही.

हे आकडे मी दवाखान्यात रोज सांगते आणि ते ऐकून स्त्रियांचे रडणे थांबत नाही, हेही मला ठाऊक आहे. ती अपेक्षाही नाही. अपराधीपणाचा काटा तेवढा निघाला की उरते ते निखळ दुःख, आणि त्या दुःखाला त्याच्या वेळेने उतरू देता येते.

शरीराविषयी एक बाब बहुधा कोणी समजावून सांगत नाही. गर्भ गेल्यावर संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते आणि त्याचा मनःस्थितीवर, झोपेवर व भुकेवर परिणाम होतो. पहिल्या काही आठवड्यांतील रडू येण्यात त्याचाही वाटा असतो. पाळी सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवड्यांत परत येते. तुमच्या बाबतीत तर आता काही महिने लोटले आहेत, म्हणून मी एक सूचना आग्रहाने करते. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की लवकरचा गर्भपात किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा झालेल्या स्त्रियांपैकी 29 टक्के स्त्रियांमध्ये एका महिन्यानंतर आघातोत्तर ताणाची (पीटीएसडीची) लक्षणे होती आणि नऊ महिन्यांनंतरही 18 टक्के स्त्रियांमध्ये ती टिकून होती. झोप न लागणे, तपासणीच्या खोलीतील तोच प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे वाटणे, यांपैकी काही असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे अवश्य जा. जगणे नकोसे वाटत असेल तर आजच जा. हात मोडला तर आपण प्रार्थनाही करतो आणि प्लास्टरही घालून घेतो. मनाच्या बाबतीतच औषधोपचार म्हणजे अविश्वास, असा समज मंडळ्यांमध्ये का रुजला आहे हे मला आजवर उमगलेले नाही.

उत्तर : एक बंधू

भगिनी, तुमच्यासाठी प्रार्थना करीत आहे. परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम, या ईयोबाच्या वचनाला धरून राहावे. देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात असे रोमकरांस पत्रात सांगितले आहे, आणि देवाच्या लोकांत कोणाचा गर्भपात होणार नाही असे अभिवचन निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात आहे. ते विश्वासाने आपले म्हणून मागून घ्यावे. आपल्या विश्वासात काही उणीव राहिली आहे काय, हे तपासून पाहावे आणि दुःखात फार काळ राहू नये, अशी माझी नम्र विनंती आहे.

उत्तर : एक पाळक

वरील बंधूंचा हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही. परंतु त्यांनी दिलेली तिन्ही वचने ज्या ठिकाणी लिहिलेली आहेत त्या ठिकाणाहून उचलून आणल्यामुळे जखमेवर दगडासारखी पडतात, आणि मंडळीत हे इतक्या वेळा घडते की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला भाग वाटते.

परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, हे शब्द मुले व संपत्ती गमावलेला ईयोब स्वतःच्या दुःखाविषयी स्वतः बोलला आहे. त्याच्या मित्रांपैकी कोणी ते त्याला ऐकवलेले नाहीत. शिवाय तोच ईयोब तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि विचारतो की अकाली पडलेल्या गर्भासारखा मी का नाहीसा झालो नाही. त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याबरोबर जमिनीवर मुकाट्याने बसले, आणि संपूर्ण पुस्तकात त्यांनी केलेले सर्वांत चांगले काम तेच ठरले. बोलायला लागल्यावर त्यांनी त्याच्या पापांचा शोध सुरू केला, आणि शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावून म्हणतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. तक्रार करणाऱ्याचे बोलणे देवाने उचलून धरले आणि देवाची बाजू मांडणाऱ्यांना क्षमेसाठी त्याच ईयोबाच्या प्रार्थनेची गरज पडली, याकडे सांत्वनाला निघालेल्या प्रत्येकाने लक्ष द्यावे.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील अठ्ठाविसाव्या वचनाच्या अगदी आधी पौल कण्हण्याविषयी लिहितो. सारी सृष्टी प्रसूतिवेदनांनी कण्हत आहे, आपणही कण्हत आहोत, आणि आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. हे सर्व ओलांडून थेट अठ्ठाविसाव्या वचनावर उडी मारणे योग्य नाही. भगिनी, ज्या स्थितीला तुम्ही प्रार्थना न जमणे म्हणता, तिच्याविषयी हा अध्याय सांगतो की तेथे प्रार्थना चालूच आहे. ती तुमच्या वतीने दुसरा कोणी करीत आहे.

निर्गमातील अभिवचन एका विशिष्ट राष्ट्राला, एका विशिष्ट देशात जाताना, संपूर्ण प्रजेच्या सुस्थितीविषयी दिलेले आहे. त्यावरून एखाद्या स्त्रीच्या विश्वासाचे मोजमाप करणे म्हणजे वचनाचा हत्यारासारखा उपयोग करणे होय. तुमच्या शिक्षेच्या प्रश्नाचेही उत्तर येथे देतो. दावीद व बथशेबा यांचे बाळ दगावले तेथे त्याचा संबंध दावीदाच्या पापाशी जोडलेला आहे हे खरे. परंतु तो संबंध नाथान संदेष्ट्याने देवाच्या आज्ञेने उघड सांगितला, तो कोणी मनाने ताडलेला नव्हता. सर्वसाधारण नियम यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात आहे की पुत्र बापाच्या अधर्माचा भार वाहणार नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. ज्या प्रभूने तो प्रश्नच फेटाळला, तो तुमच्या काही दिवसांच्या नाराजीची वही ठेवून बसला आहे असे मानण्यास शास्त्रात काहीही आधार नाही.

आता बाळाविषयी. मंडळ्यांनी या प्रश्नावर निरनिराळ्या भाषेत लिहिले आहे, परंतु त्यांचा कल मला एकाच दिशेचा दिसतो. 1618-19 मध्ये नेदरलँड्समधील डॉर्ट येथे भरलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या सभेने असे लिहून ठेवले की ज्यांची लेकरे देवाने बालपणीच या जगातून नेली, त्या भक्तिमान आईबापांनी आपल्या लेकरांच्या तारणाविषयी शंका बाळगू नये. कॅथलिक मंडळीच्या 1992 च्या धर्मशिक्षणग्रंथात बाप्तिस्म्यावाचून मरण पावलेल्या बालकांना देवाच्या दयेवर सोपवावे असे म्हटले असून, लेकरांना माझ्याकडे येऊ द्या या येशूच्या वचनाचा तेथे आधार घेतला आहे. 2007 साली त्याच मंडळीच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने या आशेचा सविस्तर विचार प्रसिद्ध केला. मला व्यक्तिशः सर्वांत भिडते ते धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी 1542 मध्ये गर्भपात झालेल्या स्त्रियांसाठी लिहिलेले छोटे सांत्वनपत्र. त्यांच्या पत्नी काथारिना याच दुःखातून गेल्या होत्या. लूथर यांचे म्हणणे असे की स्वतःचा दोष नसताना ज्यांचे बाळ गेले त्या मातांना घाबरवू नये व दुखवू नये, कारण त्यांच्या हृदयातील न बोललेली इच्छा आणि त्यांचे उसासे देवापुढे खरीखुरी प्रार्थना ठरतात, आणि बाळाला प्रभूकडे नेण्याची जी तळमळ त्यांना होती ती देव बाप्तिस्म्याच्या अभावी वाया जाऊ देत नाही. तुम्ही बाळासाठी जे मागितले असते ते सर्व देवाने ऐकलेले आहे असे समजण्यास तुम्हाला मोकळीक आहे. याहून अधिक तपशील शास्त्र देत नाही, म्हणून मीही देत नाही. ज्यांनी स्वर्गातील बाळांची सविस्तर चित्रे रंगवली आहेत त्यांच्या मायेचा मी आदर करतो, पण माझा भरवसा त्या चित्रांवर नाही, लेकरांना जवळ घेणाऱ्या ख्रिस्तावर आहे.

आपल्या पाळकांकडे जाण्याचे धैर्य होत नाही असे तुम्ही लिहिले आहे. शक्य झाल्यास जा, आणि त्यांना एक लहानशी स्मरणप्रार्थना मागा. बाळाला नाव द्यावेसे वाटत असेल तर द्या. अनेक मंडळ्यांच्या उपासनाविधींत अशा आईबापांसाठी प्रार्थना आहेत. जेथे छापील विधी नाही तेथे एक स्तोत्र, शुभवर्तमानातील एक उतारा आणि थोडी शांतता एवढे पुरेसे असते.

उत्तर : एक पती

मी सहसा येथे लिहीत नाही, परंतु तिसरा प्रश्न कोणी उचललेला दिसला नाही. तुमचे पती बोलत नाहीत यावरून त्यांना दुःख नाही असे समजू नका. आमच्या वेळी रुग्णालयात प्रत्येकाने माझ्या पत्नीची चौकशी केली, आणि ते योग्यच होते. मला मात्र सर्वांनी एकच सांगितले की तू खंबीर राहा, तिला सांभाळ. मी ते आज्ञा म्हणून पाळले. तिच्यापुढे रडलो तर ती आणखी खचेल असे वाटून मी बाळाचा विषयच टाळत राहिलो, आणि तिला वाटू लागले की मी विसरलो. दोघेही एकमेकांना वाचवण्यासाठी गप्प होतो.

ती गाठ कोणत्याही उपदेशाने सुटली नाही. एका रात्री तिने विचारले की तुला त्या ठोक्यांचा आवाज आठवतो का, आणि मी हो म्हणालो. तुम्ही पतींना तू बोलत का नाहीस असे विचाराल तर त्यात त्यांना आरोप ऐकू येण्याची शक्यता आहे. एखादी ठोस आठवण काढली तर उत्तर देणे सोपे जाते. पुरुषांना समोरासमोर बसण्यापेक्षा बरोबर चालताना बोलणे अधिक जमते, हाही माझा अनुभव आहे. लाजराच्या कबरेपाशी "येशू रडला" हे वचन मी शाळेच्या वयापासून शास्त्रातील सर्वांत लहान वचनांपैकी एक म्हणून पाठ केले होते. काही क्षणांत आपण लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला, म्हणजे पुढे चांगले होणार आहे या कारणास्तव आजचे अश्रू गिळून टाकण्याची त्याला गरज वाटली नाही, हे मला फार उशिरा लक्षात आले.

प्रश्नकर्तीकडून

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. डॉक्टरांचे उत्तर मी पतींना वाचून दाखवले आणि ‘एक पती’ म्हणून लिहिणाऱ्या बंधूंनी सुचवल्याप्रमाणे त्यांना ठोक्यांविषयी विचारले. ते उठून खोलीबाहेर गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. आम्ही फार काही बोललो नाही, पण पहिल्यांदा एकत्र रडलो. पाळकांशी बोलण्याचेही ठरवले आहे.

आता एक शेवटचे विचारते. पुन्हा प्रयत्न करण्याची मला इच्छा आहे आणि तितकीच भीतीही आहे. आशा धरावी तर ती कशाची? देव मला मूल देईलच, अशी धरली आणि ते झाले नाही, तर माझा उरलासुरला विश्वासही जाईल असे वाटते.

उत्तर : एक स्त्रीरोगतज्ज्ञ

वैद्यकीय बाजू थोडक्यात सांगते. एका गर्भपातानंतर पुढची गर्भधारणा नीट पार पडण्याचीच शक्यता बरीच अधिक असते. पूर्वी सहा महिने थांबण्याचा सल्ला दिला जाई. जागतिक आरोग्य संघटनेची 2005 ची शिफारस तशी होती. परंतु त्यानंतरच्या अभ्यासांत लवकर दिवस गेल्याने धोका वाढत असल्याचे दिसले नाही, म्हणून शरीर सावरल्यावर आणि मन तयार झाल्यावर प्रयत्न करण्यास सहसा हरकत नसते. आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करा आणि तुमच्या डॉक्टरांना एकदा भेटा. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. दोन किंवा अधिक गर्भपात झाले तर सविस्तर तपासण्या करतात, कारण अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमसारखी (रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढवणाऱ्या विकारासारखी) काही कारणे उपचारांनी आटोक्यात ठेवता येतात.

उत्तर : या वाटेने गेलेली एक बहीण

ताई, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून मीही प्रामाणिकपणे लिहिते. दोन गर्भपातांनंतर मला मूल झाले नाही. मी हे पहिल्या उत्तरात मुद्दाम लिहिले नाही, कारण तुमच्या दुःखाच्या पहिल्या पायरीवर माझा शेवट तुम्हाला भीती घालेल असे वाटले. डॉक्टरांनी सांगितलेली शक्यता तुमच्या बाजूची आहे आणि मूल मागण्यात काहीही चूक नाही. हन्नाने मागितले, तुम्हीही मोकळेपणाने मागा. परंतु ख्रिस्ती आशा त्या मागणीच्या उत्तराला बांधलेली असती, तर माझ्याजवळ ती आज नसती, आणि ती आहे.

ती कशी आली हे मला नीट क्रमाने सांगता येणार नाही. थेस्सलनीकाकरांस पौल लिहितो की ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका. खेदच करू नका असे तो लिहीत नाही, एवढे वाचून मला आधी हायसे वाटले. मग बराच काळ काहीच घडले नाही. पुढे केव्हातरी योहानाच्या विसाव्या अध्यायापाशी थांबले, जेथे उठलेला प्रभू थोमाला आपल्या हातांचे व्रण दाखवतो. पुनरुत्थानाने ते व्रण पुसले नाहीत. तेव्हापासून मी माझ्या दोन बाळांना विसरण्याची वाट पाहणे सोडले, आणि विचित्र वाटेल, पण त्यानंतरच मला इतरांच्या बाळांना मांडीवर घेणे जमू लागले. देव एक दिवस सर्व डोळ्यांचे अश्रू पुसून टाकील असे प्रकटीकरणात म्हटले आहे, त्यावर माझी आशा आहे. त्या दिवसापर्यंत अश्रू राहतील असाही त्याचा अर्थ होतो, आणि तो मी मान्य केला आहे.

भीतीविषयी एक व्यवहाराची गोष्ट सांगते. पुढच्या वेळी दिवस गेले की पहिले तीन महिने कोणालाही सांगायचे नाही, असा सल्ला तुम्हाला चहूकडून मिळेल. सगळ्यांना सांगू नका हे ठीक. पण तुम्हाला उपदेश न करणाऱ्या दोन व्यक्ती आताच हेरून ठेवा आणि त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा. सर्व सुरळीत झाले तर प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री त्या तुमच्यासाठी प्रार्थना करतील, आणि दुर्दैवाने तसे झाले नाही, तर जे कोणाला ठाऊकच नव्हते त्याच्यासाठी एकटीने रडण्याची वेळ तुमच्यावर पुन्हा येणार नाही. तुमची हरकत नसेल तर त्या दोघींपैकी एक मी होण्यास तयार आहे.